पंधरा बिया आणि एक-चौदाचा उतारा

आजोबा मरणाआधी नातवाच्या हातात एक बंद पाकीट देतात. शहरातल्या नोकरीचा अगदी वीट येईल तेव्हाच उघड, असं सांगतात. पुढे बऱ्याच वर्षांनी नातू (किंवा नात, हे आपण ठरवायचं) ऑफिसातल्या टेबलाशी बसून ते पाकीट उघडतो. आत गावच्या शेताची कागदपत्रं. तो बस पकडून गावी जातो. शेतात रान माजलेलं, खिशात पाचशे मोहरा, आणि गावच्या सरपंचाने भेट म्हणून दिलेल्या पार्सनिपच्या पंधरा बिया. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा एक कंद.

इथून 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ सुरू होतो. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तो आला आणि डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती विकल्या गेल्या. आपल्या मंडळातल्या विशी-तिशीच्या मुलांना विचारून बघा, दहातल्या दोघातिघांनी तरी या शेताला पाणी घातलेलं असेल. ज्यांनी नाही घातलं त्यांच्यासाठी, आणि पोरगं रात्री मोबाइलवर नक्की काय करतं असा प्रश्न पडलेल्या आईवडिलांसाठी हे थोडं सविस्तर लिहितो.

या प्रकाराला लाइफ सिम्युलेशन म्हणतात. बंदूक नाही, शर्यत नाही, हरणं जवळपास नाहीच. सकाळी उठायचं, शेताला पाणी द्यायचं, गाईला कुरवाळायचं, मासे पकडायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे, रात्री दोनच्या आत झोपायचं. खेळातला एक दिवस आपल्या साधारण चौदा मिनिटांचा, एक ऋतू २८ दिवसांचा, चार ऋतूंचं वर्ष. आणि इंडी म्हणजे मोठ्या कंपनीचा पैसा न घेता एकट्यादुकट्याने किंवा चारपाच जणांनी मिळून केलेला खेळ. स्टारड्यू तर खरोखर एकाच माणसाने केला. एरिक बॅरोन हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला, २०११ मध्ये संगणकशास्त्राची पदवी घेतलेला. नोकरी मिळेना, म्हणून सी-शार्पवर हात बसावा या हेतूने त्याने एक छोटा खेळ करायला घेतला. तो साडेचार वर्षं चालला. त्या काळात तो सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करायचा. चित्रं त्याची, संगीत त्याचं, संवाद त्याचे, कोड त्याचा. आम्हा बीई झालेल्या मंडळींना यातलं कोडचं कौतुक कमीच वाटतं. साडेचार वर्षं एकाच प्रोजेक्टवर कोणी 'कधी होणार' असं विचारायला नसताना टिकून राहिला, ते मात्र खरंच अवघड.

काही वाचकांना २००९ चं फेसबुकवरचं 'फार्मव्हिल' आठवत असेल. त्याच्याशी याची गल्लत करू नये. फार्मव्हिलमध्ये वेळेवर परत आला नाहीत की पीक सुकायचं, घाई असेल तर पैसे मोजा, शेजाऱ्यांना आमंत्रणं पाठवा. स्टारड्यू एकदा विकत घेतला की झालं. जाहिरात नाही, नंतरची सगळी भर फुकट. आठ दिवस उघडला नाही तरी पीक तसंच उभं राहतं.

या प्रकारच्या खेळांचा उगम शोधत गेलं की एक गंमत दिसते. बॅरोनने ज्या खेळावरून प्रेरणा घेतली तो 'हार्वेस्ट मून' १९९६ मध्ये जपानमध्ये आला. तो करणारे यासुहिरो वादा हे क्यूशू बेटावरच्या खेडवळ भागातले, नोकरीसाठी टोकियोला आलेले. मागे राहिलेल्या गावाची आठवण त्यांनी खेळात घातली. निन्टेन्डोचा 'ॲनिमल क्रॉसिंग' (हा इंडी नव्हे, पण याच कुळातला) २००१ चा. त्याचे कर्ते कात्सुया एगुची चिबाहून क्योटोला नोकरीसाठी गेले आणि घरचे, मित्र सगळे मागे राहिले. तो एकटेपणा या खेळाच्या मुळाशी आहे असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. म्हणजे शेताचे आणि शेजाराचे हे खेळ शेतात राहणाऱ्यांनी केलेले नाहीत. गाव सोडून आलेल्यांनी केले, आणि खेळतात तेही बहुतेक गाव सोडून आलेलेच.

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. आम्ही चार भावंडं मिळून एक शेत चालवतो. मी पुण्यात, चुलतबहीण बेंगळुरूला, आतेभाऊ दुबईत आणि सगळ्यांत धाकटा चुलतभाऊ गावात, डिचोली तालुक्यात, साखळीच्या कॉलेजात शिकणारा. शनिवारी रात्री चौघं एकत्र येतो. खेळात सोबत खेळताना एक नियम आहे: चारही जण अंथरुणात शिरल्याशिवाय दिवस संपत नाही. दुबईचं घड्याळ दीड तास मागे, त्यामुळे तिकडच्याला अजून झोप नको असते आणि इकडे बेंगळुरूची बाई चिडलेली असते. पैसे एकत्र ठेवायचे की वेगवेगळे, हेही आधी ठरवावं लागतं. आम्ही एकत्र ठेवले. धाकट्याने कोणाला न विचारता सगळ्या पैशांच्या स्ट्रॉबेरीच्या बिया आणल्या तेव्हा जे भांडण झालं ते पाहून माझी आई म्हणाली, "तुमचे आजोबा आणि त्यांचे भाऊ याच सुरात भांडायचे."

आजीला हा खेळ दाखवला तो चवथीच्या सुटीत. तिने सोफ्यावर बसून, चष्मा वर करून, पंधरावीस मिनिटं नीट पाहिलं. खेळात तेव्हा पाऊस लागला होता. पाऊस असला की पिकाला पाणी घालावं लागत नाही, म्हणून खेळणारे अशा दिवशी शेत सोडून मासे मारायला किंवा खाणीत जातात. आजीला हे पटेना. "पाऊस पडला की ह्याला सुटी? पाऊस पडला की तर कामाला लागायचं!" मग आमच्या पेडण्या-डिचोलीच्या बोलीत पुढचं वाक्य आलं, ते जसंच्या तसं देतो: "आमचें शेत पडीक, आनी तुमी हांगा उदक घालतात!"

पावसाबद्दलचं तिचं म्हणणं मी नंतर बऱ्याच खेळणाऱ्यांना सांगितलं. ज्यांच्या घरी भातशेती आहे ते सगळे हसले. बॅरोनचं शेत त्याच्या हवामानातलं आहे. तिथे पाणी माणसाने घालायचं असतं आणि पाऊस ही सवलत असते. आपल्याकडे शरद शेतीचा अख्खा हंगाम पावसावर आणि पावसातच होतो. नांगरणी, चिखल, लावणी, सगळं डोक्यावर इरलं किंवा आताचं प्लास्टिक घेऊन. पाण्याची चिंता असते ती वायंगणाला, जेव्हा तिळारीच्या कालव्याकडे किंवा ओहोळाच्या बांधाकडे बघावं लागतं. खेळात भात आहे, तेही खरं. २०१९ मध्ये ते आलं, नंतर अळूसारखा कंदही आला, आणि दोन्ही पाण्याच्या काठी लावले तर शिंपायला लागत नाहीत. आंब्याचं झाडही आहे. २८ दिवसांत फळाला येतं. मानकुरादाचं कलम लावून चारपाच वर्षं वाट बघणाऱ्याला हे ऐकून काय वाटेल ते वेगळं सांगायला नको.

पण आजीला एक गोष्ट मनापासून आवडली. खेळातल्या गावात एक पडकं समाजमंदिर आहे. ते दुरुस्त व्हावं म्हणून प्रत्येक ऋतूतली ठरावीक फळं, भाज्या, रानातली कंदमुळं, मासे गोळा करून तिथे अर्पण करायचे. एकही वस्तू चुकली तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. धाकटा समजावून सांगत होता, तेवढ्यात आजी म्हणाली, "म्हणजे माटोळी." अगदी बरोबर. चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधायची माटोळी ही याच जातीची यादी आहे: सुपारीचा कात्रा, आंबाडे, तोरिंग, चिबूड, निरफणस, कवंडळ, घागऱ्यो. त्यातलं निम्मं बागेतलं, निम्मं रानातलं. कुठल्या डोंगरावर काय सापडतं हे माहीत असणारा माणूस घरात असला तर माटोळी भरते, नसला तर डिचोलीच्या नाहीतर म्हापशाच्या माटोळी बाजारात जाऊन पैसे मोजायचे. खेळातही तोच पर्याय आहे. वस्तू जमवत बसायचं नसेल तर 'जोजा' नावाच्या बड्या दुकानकंपनीचं सदस्यत्व विकत घ्या, ती समाजमंदिराचं गोदाम करते आणि पैसे भरले की गावातली सगळी कामं करून देते.

या जोजावरून खेळणाऱ्यांत कायम वाद असतात. बहुतेकांना ती खलनायक वाटते. माझा पेडण्याचा एक मित्र मात्र वेगळं बोलतो. तो मोपाच्या विमानतळावर कामाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमानं उडू लागली, त्यानंतर काही महिन्यांनी तो लागला. त्याच्या आजोळची थोडी जमीन या प्रकल्पाच्या आसपासची. तो म्हणतो, "खेळात जोजा की गाव असं एकच बटण दाबायचं असतं. माझ्या घरात जमीन गेली म्हणून रडणारी मामी आहे आणि माझ्या पगारावर चाललेलं तिच्या मुलाचं शिक्षणही आहे. ते बटण कुठे आहे?" त्याला खेळातला शेन आवडतो. शेन जोजात माल लावायला जातो, संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात एका कोपऱ्यात उभा राहतो, पहिल्या भेटीत तुमच्याशी धड बोलतही नाही. हळूहळू ओळख वाढली की कळतं, माणूस आतून खचलेला आहे. शेनबद्दल खेळणारे जितक्या आपुलकीने बोलतात तितक्या आपुलकीने आपण गावातल्या अशा माणसाबद्दल बोलतो का, असं मित्र विचारतो. मी त्याला उत्तर दिलेलं नाही.

डिचोलीच्या खेळणाऱ्याला खटकणारी जागा दुसरीच. खेळात शेताच्या वर डोंगरात एक खाण आहे. १२० मजले खाली जायचं, तांबं, लोखंड, सोनं काढायचं, हत्यारं सुधारायची. खाण कितीही खणली तरी खालच्या नदीचं पाणी निळंच. माझ्या धाकट्या चुलतभावाच्या वर्गात मुळगाव, पिळगाव, मये भागातली मुलं आहेत. खाणीची माती पावसात शेतात उतरते ही त्यांच्या घरांतली वर्षानुवर्षांची तक्रार. त्याच घरांत ट्रक होते, २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रकांचे हप्तेही थांबले, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा उरलीसुरली आशा गेली. एवढ्या गोष्टी बघितलेल्या पोराला ती निळी नदी जरा जास्तच निळी वाटते. तरीही तो खाणीत जातो, आणि आमच्या चौघांत सगळ्यांत खोल तोच पोचलाय.

तसं बघितलं तर खेळात न घेतलेल्या गोष्टींची यादी लांब होईल. माल रात्री दारातल्या पेटीत टाकला की सकाळी पैसे हजर, तेही ठरलेल्या भावाने. आपल्याकडे काजूबियांचा भाव सकाळी एक, दुपारी ऐकावा तर दुसरा. खेळातला शत्रू म्हणजे कावळे. एक बुजगावणं उभं केलं की मिटलं. आपल्याकडे रानडुक्कर, माकडं, मोर, गवे. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर सिंधुदुर्गातून 'ओंकार' हत्ती पेडण्यात उतरला आणि तांबोसे परिसरातल्या उभ्या भातात फिरला. हत्तीला कुठलं बुजगावणं दाखवणार?

पण शेतकऱ्याचं दुःख खेळात नाही म्हणून खेळाला नावं ठेवणं मला पटत नाही. दिवसभर मीटिंग आणि तिकिटं उपसून आलेल्या माणसाला चौदा मिनिटांत काहीतरी लावलं, काहीतरी उगवलं एवढं हवं असतं. ते तो देतो. माझी तक्रार असलीच तर उलट बाजूने आहे. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक खेळणारे शेताचा कारखाना करतात. आपोआप पाणी देणारी तोंडं बसवायची, एकच सर्वांत महाग फळ सगळीकडे लावायचं, पिंपांत भरून त्याची वाइन करायची, कुठल्या दिवशी किती नफा याचा तक्ता मांडायचा. काजूच्या बोंडांची कोळंबी, हुर्राक आणि फेणी माहीत असलेल्या आम्हा गोवेकरांना ती पिंपं फार लवकर जमतात हे मान्य. पण मग सकाळी उठून करायला काही उरत नाही. बेंगळुरूची बहीण म्हणाली ते बरोबर आहे, की आम्ही ऑफिसातून सुटायला शेतावर गेलो आणि शेताचं ऑफिस केलं. तिने शेवटी वेगळं शेत सुरू केलं. त्यात ती फक्त फुलं लावते आणि सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवते.

शेताव्यतिरिक्तही या कुळात चांगलं बरंच आहे. परदेशातल्या आपल्या वाचकांनी 'वेन्बा' जरूर खेळावा. २०२३ चा हा खेळ टोरोंटोच्या छोट्या गटाने केला. १९८८ मध्ये कॅनडात गेलेलं एक तमिळ जोडपं, आईच्या पाककृतींची फाटकी वही, पुसलेल्या ओळी अंदाजाने भरत इडली आणि पुट्टू करायचं, आणि हळूहळू आईची भाषा टाळू लागलेला मुलगा. दोनेक तासांच्या आत संपतो. एवढ्यासाठी एवढे पैसे, अशी कुरकुर काहींनी केली. २०२४ मध्ये मात्र त्याला बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. आपल्या घरांतल्या वह्याही अशाच आहेत: खतखत्याच्या पानावर तेलाचा डाग, आणि 'मीठ अंदाजाने'.

खुद्द गोव्यातही असा खेळ घडला आहे. रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना या दोघांच्या स्टुडिओचा 'फिशबोल'. आलो ही २१ वर्षांची मुलगी, आजी गेल्याचं दुःख घेऊन घरात एकटी. एका महिन्याची गोष्ट. ती घरूनच काम करते, आईशी व्हिडिओ कॉलवर बोलते, आणि सामानाचे खोके एकेक उघडताना आठवणी निघत जातात. सोनीने भारतीय खेळांसाठी काढलेल्या योजनेत त्याची निवड झाली होती. मराठी घराचा असा खेळ मला अजून भेटलेला नाही.

आता पुन्हा त्या पाकिटाकडे. खेळातली मला सगळ्यांत अद्भुत वाटणारी वस्तू म्हणजे आजोबांची ती कागदपत्रं. एक आजोबा, एक नातू, एक सही. गोव्यात हे असं होऊच शकत नाही. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आणि २०१२ च्या वारसा कायद्यात कायम राहिलेल्या नियमानुसार मुलंबाळं असलेल्या माणसाला आपल्या मालमत्तेतला निम्मा भागच मर्जीने देता येतो. उरलेला निम्मा वारसांचाच. शिवाय पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणजे प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही. आमच्या शेताच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली पाच माणसं वारली, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. क्षेत्र सगळं मिळून ३२०० चौरस मीटर. कृषी कार्ड काढायला गेलं की सहमालकांच्या ना-हरकतीचा प्रश्न येतो, आणि सहमालक पुणे, मुंबई, दुबई आणि एक पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. विकायचं कोणाच्याच मनात नाही. २०२३ च्या कायद्याने भाताची जमीन शेतकरी नसलेल्याला विकताही येत नाही, ते चांगलंच आहे. पण न विकलेलं शेत आपोआप पिकत नाही. बारा वर्षं ते पडीक होतं.

चवथीच्या त्या संध्याकाळी आजीचं वाक्य ऐकून आम्ही खेळातल्या शेताचं नाव बदललं आणि आमच्या शेताचं खरं नाव ठेवलं. मग धाकट्याने आजीला विचारून प्रत्येक कुणग्याचं नाव लिहून काढलं. अकरा कुणगे, अकरा नावं. त्यातली सात माझ्या वडिलांनाही माहीत नव्हती. पुढच्या मे महिन्यात चौघांनी पैसे काढले. शेजारचे काका ट्रॅक्टर घालायला तयार झाले, 'ज्योती'चं बियाणं आणलं, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होकारावर दोन कुणगे केले. बाकीचे नऊ तसेच. लावणीला माणसं मिळाली नाहीत म्हणून पेरणीच केली. तण खूप आलं. एका रात्री डुकरांनी कडेची पट्टी लोळवली. बेंगळुरूची बहीण कापणीला चार दिवस रजा घेऊन आली, तिसऱ्या दिवशी तिची पाठ धरली.

चार पोती भात झालं. खर्च वजा करायला मी तक्ता उघडला होता, पण आतेभावाने तो सगळ्यांसमोर बंद करायला लावला. त्याला दुबईला दोन किलो उकडा तांदूळ पाठवला, त्याचं कुरिअर तांदळापेक्षा बरंच महाग पडलं. सह्यांपैकी सहा झाल्यात. इंग्लंडच्या काकांनी कागद मागवून घेतलेत, आणि आजी आता विचारते आहे की वायंगणाला चवळी घालायची की कुळीथ.